अठरा काडतुसांची पावती

कपाटातला डबा उघडा होता, तेव्हाच मधुमतीच्या लक्षात आलं. आत लाल कापड होतं आणि कापडात रिव्हॉल्वरचं चामड्याचं जुनं पाकीट. तिनं पाकिटात बोट घातलं. बोटाला तेल लागलं. तिनं ते नाकाशी नेलं. शिवणयंत्राच्या तेलाचा वास, ताजा.

रिकाम्या पाकिटाला कुणी आतून तेल लावत नाही.

दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. बुधवार, बारा नोव्हेंबर. सकाळची शिफ्ट करून ती दहा मिनिटांपूर्वीच घरी आली होती. स्वयंपाकघरात चहाचा कप अर्धा होता आणि केटलीजवळ नवऱ्याचा, कमलाकरचा मोबाइल होता. दारामागच्या खुंटीवरचा काळा ओव्हरकोट नव्हता. तो कोट कमलाकर वर्षातून एकदाच घालायचा, दसऱ्याला. यंदाचा दसरा होऊन सहा आठवडे झाले होते.

तिनं कपाटाचा खालचा खण ओढला. पासपोर्ट, घराचे कागद, स्वरालीचा जन्मदाखला, आणि त्याखाली प्लॅस्टिकच्या पाकिटात एक घडी घातलेला कागद. १९९७. त्या वर्षी इंग्लंडनं कायदा बदलला. हँडगन घरात ठेवायची नाही, बाहेर न्यायची गोष्ट तर दूरच. जवळ असेल त्यानं पोलिसांत आणून द्यावी. कमलाकर एका शनिवारी सकाळी बॅग घेऊन गेला आणि तासाभरानं हा कागद घेऊन आला. "झालं एकदाचं," म्हणाला. तिनं शिक्का पाहिला, तारीख पाहिली आणि कागद खणात ठेवला.

अठ्ठावीस वर्षांनी ती तो आता वाचत होती. जमा केलेल्या वस्तू: रिव्हॉल्वरची काडतुसे, नग अठरा. त्याखाली रेघ मारलेली होती. दुसरी नोंद नव्हती.

मधुमती लीड्समधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात सव्वीस वर्षं काम करत होती. ऑपरेशनचे ट्रे तिच्या टेबलावर येत. कात्र्या, चिमटे, पकडी. प्रत्येक ट्रेबरोबर यादी. यादीतली वस्तू हातात घ्यायची, भिंगाखाली धरायची, मग खूण करायची. शेवटी सही. जे स्वतः पाहिलं नाही त्यावर सही नाही, हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची. त्या पाठीमागे तिला मिसेस भिंग म्हणायच्या, हे तिला ठाऊक होतं.

रिव्हॉल्वर सासऱ्यांचं. सुभेदार धोंडजी सुर्वे, मराठा पलटण, इटलीची आघाडी. १९६८ साली ते मुलाकडे इंग्लंडला आले तेव्हा ते ट्रंकेच्या तळाशी होतं. त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. खंडेनवमीला ते पाटावर यायचं. मधुमती लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं त्यावर कुंकू वाहिलं होतं. सत्त्याण्णवनंतर पाटावर फक्त लाल कापडाची घडी येऊ लागली. "आत रिकामं पाकीट आहे, बाबांची आठवण," कमलाकर म्हणायचा. ती घडी तोच मांडायचा, तोच उचलायचा. मधुमती घडीवर कुंकू वाहायची आणि नैवेद्याला लागायची. दुसऱ्या दिवशी दसरा. कमलाकर काळा कोट घालून सीमोल्लंघनाला एकटाच निघायचा. रिंगरोड ही त्याची सीमा. रिंगरोड ओलांडून पलीकडच्या शाळेच्या फाटकाजवळ एक गिंकोचं झाड होतं, त्याची पानं घेऊन परत यायचा.

गिंकोचं पान मधोमध चिरलेलं असतं. आपट्याच्या पानासारखं नाही, पण त्याची आठवण करून देणारं. कमलाकर कौन्सिलच्या पार्क्स डिपार्टमेंटमध्ये होता. १९८१ मध्ये शाळेबाहेर झाडं लावायची ठरली तेव्हा मेपलच्या यादीत त्यानं एक गिंको घुसवलं, वडिलांना लीड्समध्ये सोनं मिळावं म्हणून. "नोकरीत एवढी एकच लबाडी केली," असं तो पाहुण्यांना सांगायचा.

आज सकाळी पाच वाजता ती बूट घालत होती तेव्हा तो अंथरुणातून म्हणाला होता, "मधू, सोनं पिवळं झालंय. काल बसमधून दिसलं." ती "हो का" म्हणाली आणि निघाली. गेल्या वर्षापासून तो असं बरंच काही बोलायचा. डॉक्टरांनी त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स काढून घेतलं होतं. वार विसरायचा, महिना विसरायचा. रस्ते विसरत नव्हता.

तिनं स्वरालीला फोन लावला. स्वराली मिल्टन कीन्सला प्राथमिक शाळेत शिकवत होती.

"आई, मी क्लासमध्ये आहे. क्विकली सांग."

"बाबा घरात नाहीत. आजोबांचं रिव्हॉल्वर घेऊन गेलेत."

पलीकडे दार उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला. मुलांचा गलका थांबला.

"ते तर दिलेला ना? नाइन्टी सेव्हनला? तूच सांगितली मला."

"मी पावती वाचली नव्हती."

"व्हॉट डू यू मीन, वाचली नव्हती? तू टिन्सच्या मागचं पण वाचते!"

"नव्हती वाचली. गोळ्याच दिल्या होत्या त्यांनी. फक्त गोळ्या."

"ओके. ओके. कुठे गेले असतील?"

"झाडाशी."

"शाळेजवळच्या?" स्वरालीचा आवाज खाली आला. "आई, तीन पंधराला शाळा सुटते. आत्तापासून तिथे आया उभ्या असतील, बेबी बगीज, लहान मुलं. कॉल द पोलिस. नाइन नाइन नाइन. आत्ता."

"बंदुका घेऊन येतील गं ते. यांना ऐकू कमी येतं. हात दाखव म्हणाले तर हे आधी खिशात हात घालतील. मला वीस मिनिटं दे. मी जाते, हळूच काढून घेते."

"आणि मग? पर्समध्ये घालून घरी आणणार? रस्त्यानं? आई, इथे कुणालाच ते बाहेर न्यायची परवानगी नाही. तुलापण नाही. त्याला पाच वर्षं जेल आहे. मिनिमम."

मधुमतीनं पावतीची घडी घातली.

"आई, मी टीचर आहे. माझ्या गेटवर असा माणूस असला आणि त्याची बायको वीस मिनिटं गप्प बसली, तर मी तिला काय म्हणणार?"

"ठेव फोन," मधुमती म्हणाली. "करते मी."

तिनं पावती पर्समध्ये घातली आणि निघाली. फोन मात्र लगेच केला नाही. तिला चालायला चौदा मिनिटं लागतात. पहिली सात मिनिटं ती नुसती चालली.

गणपतीतली गोष्ट तिला आठवत होती. कमलाकरचा चुलतभाऊ शशी टेक्सासहून व्हिडिओवर आला होता. आरती झाली, प्रसाद झाला, आणि शशीनं शर्ट वर करून कमरेचं पिस्तूल दाखवलं.

"कमळ्या, बघ. दुकानात जाताना पण बरोबर असतं."

"परमिट काढलंस?" कमलाकरनं विचारलं.

"काढलं होतं पूर्वी. आता इथे तेही लागत नाही. रेकॉर्ड स्वच्छ असलं की झालं."

"भाजी आणायला पिस्तूल?" मधुमती मागून म्हणाली होती. "कोथिंबिरीवर दरोडा पडतो का हो तुमच्याकडे, भावजी?"

"वहिनी, हसा. तुमच्याकडे भाजी चिरायची सुरी पिशवीत सापडली तरी पोलिस धरतात."

"आमच्याकडे परमिटच नाही," कमलाकर म्हणाला. "मागायचं तरी कुणाकडे?" सगळे हसले. फोन ठेवल्यावर तो टेबलाशीच बसून राहिला. मग म्हणाला, "शशीला चालतं, मग मला का नाही चालत?" तिला वाटलं, गाडीबद्दल बोलतोय. "तुम्ही टेक्सासला राहत नाही म्हणून," ती म्हणाली आणि भांडी घासायला घेतली.

रिंगरोडच्या सिग्नलपाशी तिनं बटण दाबलं. गाड्या थांबायला वेळ होता. दोन वाजून एकोणपन्नास मिनिटं. तिनं नाइन नाइन नाइन लावला.

नाव, पत्ता, ठिकाण. तिनं ओळीनं सांगितलं. नवरा, वय अठ्ठ्याहत्तर, स्मृतिभ्रंश, काळा कोट, तपकिरी टोपी, उजव्या कानात यंत्र. जवळ जुनं रिव्हॉल्वर. शाळेच्या फाटकाजवळच्या पिवळ्या झाडाखाली असेल.

फोनवरच्या बाईचा आवाज बदलला नाही. मागे मात्र कीबोर्डचा वेग वाढला.

"ते भरलेलं आहे का?"

पर्समधली पावती मधुमतीला पाठ झाली होती. अठरा नग. घरात त्यापलीकडे गोळ्या असल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं. 'नाही' म्हटलं असतं तर येणारे लोक जरा सावकाश आले असते. एखाद्यानं ट्रिगरवरचं बोट सैल ठेवलं असतं.

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी गोळ्या पोलिसांत दिल्यात. माझ्याजवळ पावती आहे."

"सगळ्या?"

"अठरा."

"मिसेस सुर्वे, ते आज रिकामं आहे हे तुम्ही खात्रीनं सांगू शकता?"

हिरवा माणूस लागला. टिकटिक सुरू झाली. मधुमती तिथेच उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "मी तपासलेलं नाही."

टिकटिक थांबली. तिला पुन्हा बटण दाबावं लागलं.

*

ती पोचली तेव्हा तीन वाजायला दोन मिनिटं कमी होती आणि पोलिस तिच्या आधी आले होते. रस्त्यावर दोन गाड्या आडव्या होत्या. शाळेचे पडदे ओढलेले होते. आयांना आणि बाबागाड्यांना कोपऱ्यापलीकडे नेलं होतं. एक लहान मूल तिथे मोठ्यानं रडत होतं, बाकी सगळं शांत होतं. गाड्यांच्या आडून चार जण, लांब बंदुका, सगळ्यांचा रोख एकाच दिशेला.

झाड पूर्ण पिवळं होतं. दर दसऱ्याला त्याची हिरवी पानं घरी यायची. ते असं पिवळं झालेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. खाली कमलाकर पाठमोरा उभा होता. वाकायचा, पान उचलायचा, कोटाला पुसायचा आणि उजव्या खिशात टाकायचा. घाई नव्हती.

"मी बायको आहे," मधुमती म्हणाली. "फोन मी केला."

एका सार्जंट बाईनं तिचा दंड धरला. "इथेच थांबायचं. पुढे एक पाऊल नाही."

"त्यांना ऐकू येत नाही."

"आर्म्ड पोलिस!" पुढचा तरुण शिपाई ओरडला. "हात दाखव! हात दिसतील असे ठेव!"

कमलाकरनं तिसऱ्या हाकेला मान वळवली. त्याला गाड्या दिसल्या, माणसं दिसली. त्याचा चेहरा उजळला. तो ओळखीचा चेहरा होता. दारावरची बेल वाजल्यावर, पाहुणे आल्यावर होणारा. सोनं घ्यायला माणसं आली होती. त्याचा उजवा हात खिशाकडे निघाला.

"हात बाहेर! हात बाहेर काढ!"

मधुमतीला बंदुकांचा आवाज आला नाही, पण चौघांचेही खांदे एकदम घट्ट झालेले दिसले. रिव्हॉल्वर कुठल्या खिशात आहे हे तिला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. सार्जंट बाईची पकड तिच्या दंडावर आवळली. मधुमती घरी पंचेचाळीस वर्षांत ज्या आवाजात कधी बोलली नव्हती त्या आवाजात ओरडली:

"अहो! खिशातलं नको!"

हात खिशाच्या तोंडाशी थांबला.

"मधू? तू कधी आलीस?"

"आत्ताच! खाली पडलेलं सोनं देतात का कुणाला? मामंजी काय म्हणतील! झाडावरचं काढा!"

"गप्प राहा," सार्जंट बाई म्हणाली. "काय सांगताय तुम्ही त्यांना?"

"हात वर करायला सांगतेय," मधुमती इंग्रजीत म्हणाली, तिच्याकडे न बघता. "ते पानं तोडणार आहेत. पानं. गोळी घालू नका." आणि पुन्हा ओरडली, "वरच्या फांदीचं काढा! दोन्ही हातांनी! दोन्ही हात वर करा!"

कमलाकरनं झाडाकडे पाहिलं. खिशाकडे पाहिलं. त्याला ते पटलेलं दिसलं. त्यानं टाचा उचलल्या, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि पिवळ्या फांदीत घातले. कोटाच्या बाह्या मागे सरकल्या. पांढरी, बारीक मनगटं लांबूनही दिसत होती.

"असेच धरा!" ती म्हणाली. "चांगलं बघून काढा! घाई नाही!"

"किडकं नको," तो झाडाला म्हणाला.

चौघं दोन्ही बाजूंनी पुढे सरकले. तिनं मोजलं: अकरा सेकंद. मग काळ्या कोटाभोवती काळे गणवेश दिसले आणि कमलाकर दिसेनासा झाला. फांदी हलत राहिली.

रिव्हॉल्वर आतल्या डाव्या खिशात होतं. एकानं ते दोन बोटांनी उचललं, बाजूला जाऊन उघडलं, आणि हात वर करून काहीतरी सांगितलं. सार्जंट बाईनं दंड सोडला.

"रिकामं आहे," ती म्हणाली. "सहाही घरं."

"त्यांनी स्वतः पाहिलं?"

"पाहिलं."

मधुमतीनं मान हलवली.

कमलाकरच्या हातात बेड्या पुढच्या बाजूनं घातल्या होत्या. उजवी मूठ मिटलेली होती आणि तो ती उघडत नव्हता. "सर, काय आहे हातात? हात उघडा, सर," तरुण शिपाई म्हणत होता, पण आता ओरडत नव्हता. कमलाकरनं त्याच्याकडे नीट पाहिलं, मूठ पुढे केली आणि एक पान त्याच्या हातमोज्यावर ठेवलं.

"हॅपी दसरा," तो म्हणाला. मग मधुमतीकडे वळला. "यांच्याकडचं सोनं कुठंय? घेतलंच नाही मी."

"देतील नंतर," ती म्हणाली.

गाडीत बसताना त्यानं टोपी काढायचा प्रयत्न केला. बेड्यांमुळे दोन्ही हात एकदम वर गेले. तिनं पुढे होऊन टोपी काढून घेतली. तिला कुणी अडवलं नाही.

*

पोलिस स्टेशनच्या बाकावर ती पावणेसातपर्यंत बसली होती. स्वराली मोटरवेवर होती आणि दर अर्ध्या तासानं फोन करत होती. नर्सनं कमलाकरला तपासलं होतं. वकील आला होता, बरा वाटला. खटला होईल की नाही हे आज कुणी सांगू शकणार नाही, म्हणाला. झाला तर कायद्यात पाच वर्षं आहेत. असाधारण परिस्थिती असेल तर न्यायाधीश कमी करू शकतात, पण ती सिद्ध करावी लागते. तुमचीही चौकशी होईल, मिसेस सुर्वे. तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

"दोन पंचवीसपासून," ती म्हणाली होती. "फोन दोन एकोणपन्नासला केला. मधली चोवीस मिनिटं माझी आहेत."

वकिलानं पेन थांबवलं. "हे तुम्ही असंच सांगणार आहात?"

"असंच आहे ते."

हॉस्पिटलच्या सुपरवायझरलाही तिनं फोन केला होता. चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नये असं उत्तर आलं. तिनं उद्याच्या ट्रेंची यादी कुणाच्या हाती द्यायची ते सांगितलं आणि फोन ठेवला.

आतून कमलाकरचा आवाज मधूनमधून येत होता. तो कुणाला तरी गिंको कसं लावायचं ते सांगत होता.

काउंटरवरच्या माणसानं तिला बोलावलं. घेतलेल्या वस्तूंची यादी होती. "इथे सही करा, की झालं," तो म्हणाला.

"वाचू दे," मधुमती म्हणाली.

तिनं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. रिव्हॉल्वर, एक. काडतुसे, शून्य. ओव्हरकोट, काळा, एक. घराची किल्ली, एक. बस पास, एक. पानं, पिवळी, उजव्या खिशातली, तेवीस. प्रत्येक ओळीवर बोट थांबत होतं. काउंटरवरचा माणूस घड्याळाकडे बघत होता. मागे एक जण रांगेत उभा राहिला.

बाजूचं दार उघडून तो तरुण शिपाई आला. हेल्मेट नव्हतं, बंदूक नव्हती. केस घामानं चिकटलेले होते. स्वरालीपेक्षा लहान असावा.

"सॉरी," तो काउंटरवरच्या माणसाला म्हणाला. "यादीत एक राहिलंय." त्यानं तळहात पुढे केला. पान जरा चुरगळलं होतं. "हे माझ्याकडे होतं. चोवीस करायला हवं."

काउंटरवरच्या माणसानं पेन उचललं.

"नाही," मधुमती म्हणाली. "ते त्यांच्याकडून घेतलेलं नाही. त्यांनी तुम्हाला दिलंय."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"तेवीस बरोबर आहे," ती म्हणाली.

तरुण शिपायानं छातीवरच्या खिशाचं झाकण उघडलं, पान आत सरकवलं आणि झाकण बंद केलं.

मधुमतीनं शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेलं. मग कागद उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. तेव्हा तिनं सही केली.